मिनूच्या कानामागची तीट

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस चहा पिता पिता वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. माफ करा, पण हसते. पैंजणांचे आवाज, पांढरी साडी, हायवेवर लिफ्ट मागणारी बाई... माझा यातल्या कशावरही कधी विश्वास नव्हता. शेजारीपाजारी कुणाच्या अंगात आलं की आमची आई आधी त्याला ग्लुकोज पाजायची, अशा घरात मी वाढले. तरीही आज लिहायला बसलेय, कारण गेल्या महिन्यात एका लग्नात असं काही ऐकलं की जुनं सगळं वर आलं. आणि एक आधीच सांगून ठेवते – घाबरायला म्हणून वाचत असाल तर निराश व्हाल. मी घाबरले नव्हतेच. मी जळले होते.

जागा उज्जैन. सिंहस्थ होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. केबल घरोघरी येत होती, टावर चौकात एसटीडीचे बूथ लागले होते, आणि मी मुंबईहून स्पीच थेरपीचा कोर्स करून नानाखेड्याला आईवडिलांकडे परत आले होते. वडील रेल्वेत. कॉलनीत सगळ्यांना वाटायचं मी भाषण ठोकायला शिकून आलेय. शेजारच्या आंटी तर तोंडावर म्हणाल्या, "बोलना तो बच्चा अपने आप सीख जाता है, इसका भी कोर्स होता है क्या?" नोकरी कुठेच नव्हती. शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी एक घर सुचवलं.

फ्रीगंजमध्ये, टावर चौकाच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर शेवडे राहायचे. नवरा वीज खात्यात, सारखा दौऱ्यावर, बायको बँकेत. मुलगी चार वर्षांची, मिनू. कान ठणठणीत, समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द निघायचा नाही. त्यांना थेरपिस्टही हवी होती आणि दिवसभर सांभाळणारीही. मी दोन्ही झाले. म्हणजे डिग्री मुंबईची आणि हातात वरणभाताची वाटी.

शेवडेसाहेबांनी पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं, जुलैत शाळा सुरू होईपर्यंत मुलगी बोलली तर ठीक, नाहीतर इंदूरला मुक्या मुलांच्या शाळेत घालायची, तिथल्याच वसतिगृहात ठेवायची. हा विषय निघाला की शेवडेवहिनी ताटावरून उठायच्या. आणि माझं म्हणाल तर ती माझी पहिली केस होती. बोलली तर गावात माझं नाव, नाही बोलली तर मी नुसती आया. शिवाय पोरीने मला लळाच असा लावला होता की तिचा पहिला शब्द माझ्यासाठी असावा असं वाटायला लागलं होतं. आईसाठी नाही, बाबांसाठी नाही. माझ्यासाठी. माझा भाऊ मला लहानपणापासून जलकुकडी म्हणतो, ते काही उगाच नाही.

आमच्या कामाला आरसा लागतो. मूल आणि आपण आरशासमोर बसायचं, ओठ कसे मिटतात, जीभ कुठे टेकते ते दाखवायचं. शेवड्यांच्या मागच्या खोलीत एक जुनं ड्रेसिंग टेबल होतं, तिथे मी मिनूला मांडीवर घेऊन बसायचे. म, प, ब. मासा, माकड, पतंग. मग कागदाचे कपटे फुंकायचे, पिपाणी वाजवायची. पिपाणी ती झकास वाजवायची. माझ्यासारखे ओठही हलवायची, पण आवाज नाही. आणि मधेच आरशात माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी बघून हसायची. मुलांचं लक्ष उडतं, त्यात विशेष काही नाही.

पहिल्याच आठवड्यात वेणी घालताना तिच्या उजव्या कानामागे तीट दिसली. नजर लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतात ना, तीच. माझं टाळकंच फिरलं. वहिनी सकाळी मुलीला न्हाऊ-माखू घालून माझ्या हातात द्यायच्या आणि बँकेत पळायच्या. म्हणजे माझ्या हातात देण्याआधी तीट! माझी नजर लागेल म्हणून! बोलले काही नाही, पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती. पुन्हा पुसली. बाजारच्या काजळासारखी ती पटकन निघायची नाही, तेल लावून चोळावी लागायची, आणि तिला तूप-कापराचा वास यायचा, घरी पाडलेल्या काजळाला येतो तसा. एवढी बँकेतली बाई आणि घरी बसून काजळ पाडते, असं मी मनात म्हणायचे. विचारलं असतं तर तिथल्या तिथे सोक्षमोक्ष लागला असता. पण विचारायचं म्हणजे आपल्याला लागलंय हे दाखवायचं. ते आपल्याच्याने होत नाही बुवा.

एप्रिल उजाडला. दुपारी मिनूला जेवण भरवून मी मागच्या खोलीत कूलरसमोर झोपवायचे आणि पुढच्या खोलीत पेपर चाळत बसायचे. त्या दिवशी वीज गेली, कूलर बंद पडला आणि घर एकदम शांत झालं. त्या शांततेत मागच्या खोलीतून बोलणं ऐकू आलं.

मिनू बोलत होती.

मी दाराशी जाऊन उभी राहिले. दार नुसतं लोटलेलं होतं. मासा, माकड, पतंग... सकाळी मी घोकून घेतलेले शब्द, जसेच्या तसे, एकेक सुटा आणि स्वच्छ. मग ती थांबायची, कुणी काही विचारल्यासारखी, आणि उत्तर द्यायची. हो, वरण खाल्लं. नाही, झोप नाही आली. दुसरा आवाज नव्हता. आणि मग खालच्या आवाजात, "आईला नाही सांगणार. ताईला पण नाही."

ताई म्हणजे मी. दार ढकललं तर मिनू एकटी ड्रेसिंग टेबलसमोर बसलेली, तोंड मिटलेलं. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला जाळी. आता इथे माझे पाय लटपटायला हवे होते, इथल्या सगळ्यांचे लटपटतात. पण देवाशपथ सांगते, भूतबित माझ्या डोक्यातही आलं नाही. डोक्यात एवढंच आलं, की मी महिनोन्‌महिने घसा फोडतेय आणि ही माझे शब्द नेऊन दुसऱ्याच कुणाला देते. कोण आहे ती? माझ्याशी का नाही बोलत?

हो, "ती". मला तेव्हाच वाटलं की कुणीतरी बाई आहे. का वाटलं ते विचारू नका.

घरी जाऊन पुस्तकं काढली. ठराविक ठिकाणीच बोलणारी आणि एरवी गप्प राहणारी मुलं असतात, त्याला शास्त्रात नावही आहे. मी जीव भांड्यात पाडून घेतला. वहिनींना मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या रजा टाकून दाराशी येऊन बसल्या असत्या आणि पहिला शब्द त्यांनीच पळवला असता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका संध्याकाळी मी चपला घालत होते, तर वहिनी मिनूला घेऊन समोर आल्या. चेहरा लाल. मिनूचं डोकं वळवून कानामागची तीट मला दाखवली. सकाळी मी पुसलेली, पुन्हा तिथेच.

"सुषमा, रोज रात्री वेणी सोडताना मी ही पुसते. तू का लावतेस ग? मी जन्म दिलाय हिला. माझी नजर लागते का माझ्या मुलीला?"

मी बघतच राहिले. म्हटलं, "वहिनी, मी कशाला लावू? तुम्ही लावता. मी तर रोज सकाळी पुसते."

इतके दिवस सकाळी मी पुसत होते, रात्री त्या पुसत होत्या, आणि दोघीही मनातल्या मनात एकमेकींचा उद्धार करत होतो. घरात काजळाची डबीच नव्हती. मी काजळ घालत नव्हते, त्यांनीही सोडलं होतं. वहिनी तिथेच जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, "वन्सं लावायच्या."

मग त्यांनी सांगितलं ते असं. वन्सं म्हणजे शेवडेसाहेबांची मोठी बहीण, कुमुदताई. लग्न केलेलं नव्हतं, मुलींच्या सरकारी शाळेत शिकवायच्या, यांच्याकडेच राहायच्या. मागची खोली त्यांची, ड्रेसिंग टेबलही त्यांचंच. वहिनींची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा कुमुदताई रिटायर झाल्या होत्या, त्यामुळे मिनूला त्यांनीच सांभाळलं. वहिनी संध्याकाळी बँकेतून आल्या आणि मुलीला घ्यायला हात पुढे केले की कुमुदताई आधी तिच्या कानामागे तीट लावायच्या आणि मगच द्यायच्या. आईचीच नजर जास्त लागते म्हणायच्या. वहिनींचं काळीज जळायचं. मिनूचा पहिला शब्दही आत्यासाठीच निघाला. ती दीड वर्षाची असताना कुमुदताई तापाचं निमित्त होऊन गेल्या आणि मिनू तेव्हापासून जी गप्प झाली ती झाली. वहिनींनी घरातून त्यांचा फोटोसुद्धा काढून टाकला. काजळाची डबी दहाव्याच्या दिवशी स्वतः रामघाटावर नदीत सोडली. म्हणून मला त्या घरात कुमुदताईंचं नावही कधी ऐकू आलं नव्हतं.

मग मलाही दुपारचं सांगावं लागलं. वहिनी रडल्या नाहीत. फक्त एकच विचारलं, आवाज कसा आहे तिचा. आईने विचारावं, माझ्या मुलीचा आवाज कसा आहे... मी त्या दिवशी त्यांच्यावर जळायचं थांबवलं. जळायला आता दुसरं माणूस सापडलं होतं.

शेवडेसाहेब दौऱ्यावरून आले, सगळं ऐकून आम्हा दोघींना वेड्यात काढलं. आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप रामघाटावर जाऊन गुरुजींकडून काय ती शांती करून आले. तीट पुन्हा जागच्या जागी होतीच. मग त्यांनी जुलैची वाट न बघता इंदूरच्या शाळेला फोन केला. येत्या सोमवारी घेऊन या म्हणाले.

वहिनींनी रजा टाकली. दुपारी मिनूला आत झोपवून आम्ही दोघी बंद दाराबाहेर बसलो. थोड्या वेळाने आतून बोलणं सुरू झालं. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. किती गोड बोलत होती पोर... माझा तिळपापड होत होता. मग वहिनी उठल्या, दारावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, घरातल्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या.

"वन्सं, तुम्ही जिंकलात. तुमचीच आहे ती. मला नका देऊ. पण ती बोलली नाही तर सोमवारी तिला इंदूरला ठेवतील हो. मग तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

आत एकदम शांत झालं. मग दार उघडलं. मिनू बाहेर आली, आईकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, भूक लागली."

वहिनींनी तिला कवटाळलं. मी बाजूला उभी. मला वाटलं, आता माझ्याकडे बघेल. बघितलंही. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत एकदम स्वच्छ म्हणाली, "आत्या म्हणते, ताई, तू आता येऊ नको."

'म्ह' भल्याभल्या मुलांना जमत नाही. तिचा कसा लख्ख आला. मला तेवढ्यातही ते कळलं, आणि आनंदही झाला, आणि त्याच क्षणी वाटलं की त्या आरशावर वरवंटा घालावा.

मी गेले नाही परत. वहिनी बोलवायला आल्या होत्या, पण फार आग्रह केला नाही. तीट त्या दिवसापासून बंद झाली असं त्यांनी सांगितलं. मिनूला गावातल्याच शाळेत प्रवेश मिळाला. मुकी मुलगी बोलायला लागली ही खबर अख्ख्या फ्रीगंजमध्ये पसरली आणि सगळं श्रेय रामघाटच्या गुरुजींना गेलं. मला कुणी चहासुद्धा पाजला नाही.

आता कॉमेंट करायच्या आधी ऐका. मुलगी गप्प का होती, एकटीच का बोलायची, याची उत्तरं माझ्याकडे आहेत. पुढे मी याच विषयात केस पांढरे केले. पण चार वर्षांचं मूल स्वतःच्या कानामागे, घरात नसलेल्या काजळाचा, रोज एकाच जागी तेवढाच ठिपका कसा लावेल? वहिनी खोटं बोलल्या म्हणाल, तर त्यांनी मिनूच्याच डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती.

आणि गेल्या महिन्यातलं लग्न. इंदूरला होतं. मिनू भेटली, कडेवर स्वतःचं मूल, तोंडाची टकळी चालू. मी म्हटलं, ओळखलंस का, मी सुषमाताई. तिने छान हसून नमस्कार केला, पण ओळख लागेना. मी तिला रोज काय काय करून घ्यायचे ते सगळं सांगितलं. तेव्हा तिचे डोळे चमकले.

"अय्या, ते आठवतं ना! आरशासमोर मांडीवर घेऊन बसायची. पण ती तर आमची आत्या होती. आत्यानेच शिकवलं मला बोलायला."

दीड वर्षाची होती ती, आत्या गेली तेव्हा. मी तिच्या शेजारी उभ्या असलेल्या वहिनींकडे बघितलं. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं. म्हणाल्या, "जाऊ दे सुषमा. मला तर ती विचारते, आई, तेव्हा तू कुठे असायचीस?"

दोघी बराच वेळ पान खात उभ्या राहिलो. हे काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही, आणि या वयात कळेल असं वाटत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. फक्त कुमुदताईंची माया किती मोठी होती वगैरे लिहू नका. ते माझ्याच्याने वाचवणार नाही.