तट्टांचा उस्ताद

"घोडं शाना हाय. तुमचं काय ते सांगा."

पोराचं नाव घालायला नवीन पालक आला की उस्ताद हेच विचारायचे. पालक म्हणजे बीडमधले कुणी डॉक्टर, वकील, नाहीतर कोचिंग क्लासवाले. पोराच्या डोक्यावर ऑनलाइन मागवलेलं हेल्मेट, बापाच्या हातात फोन, कॅमेरा सुरू. आणि समोर हा गृहस्थ. कुणा पोलिसाची जुनी खाकी पँट, वर पांढरा सदरा, दोन पायांत दोन वेगळ्या जोडांतले बूट, डोक्याला मुंडासं, मिशीला मेंदी. असला घोडेस्वारीचा गुरू तुम्ही तरी कुठं पाहिला असेल?

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. आमचे डॉक्टर बहुतेक वेळा मीटिंगला असायचे, म्हणून उस्तादांचा फोन मला यायचा. माझी सगळी नोकरी म्हशींत गेलेली. घोड्याची मला मनातून भीती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखली.

"डॉक्टरसाब," मला एका झटक्यात बढती देऊन ते म्हणाले, "मागून नगा येऊ. खांद्याकडून या, आन् बोलत या. मुक्यानं चोर येतंय."

बायपासजवळच्या एका मोकळ्या प्लॉटवर त्यांची चार तट्टं बांधलेली असत. चारही लग्नाच्या वरातीतून निवृत्त झालेली. रस्त्यानं बँड गेला की त्यांना नोकरीची आठवण यायची. एकदा डॉक्टरांचा मुलगा पाठीवर असताना एक तट्टू ताशाच्या तालावर पाय उचलून नाचायला लागलं. पोरगं रडकुंडीला आलेलं आणि डॉक्टर शेजारच्यांना सांगत होते, "परदेशात ह्याचं वेगळं शिक्षण असतं."

उस्तादांच्या थापाही कमी नव्हत्या. त्यांचे आजोबा निजामाच्या रिसाल्यात होते म्हणे. उन्हाळ्यात मी ऐकलं तेव्हा आजोबा साधे स्वार होते. पावसाळ्यात जमादार झाले. दिवाळीपर्यंत ते रिसालदार होऊन खुद्द निजामाला घोड्यावर बसायला शिकवत होते. मेलेल्या माणसाची इतकी झपाट्यानं बढती झालेली मी आमच्या खात्यात तरी पाहिली नाही.

शिकवण्यात मात्र थाप नव्हती. पहिले आठ दिवस ते कुणालाच पाठीवर बसू देत नसत. खरारा करायचा, खुरांतले खडे काढायचे, लीद उचलायची, आधी पाणी दाखवायचं, मग चारा. कोचिंग क्लासवाल्या सरांनी एकदा वैतागून विचारलं, "अहो, पण बसणार कधी?"

"तुमच्या क्लासात पोरगं पहिल्या दिशी डाक्टर होतंय का?"

 सरांच्या जाहिरातीत साधारण तसंच लिहिलेलं होतं.

मग एकदाचं पोरगं पाठीवर बसलं की उस्तादांचा आवाज निम्म्या बायपासला ऐकू जायचा. "टाच खाली! नजर वर! लगामाला लोंबकळू नको बे, त्याच्या तोंडात लोखंड हाय, तुज्या तोंडात चॉकलेट हाय!" ते स्वतः कधी बसत नसत. पालकांत यावर फार विनोद चालायचे. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "कावून हसता? माजं वजन ब्याण्णव किलो. उद्या ह्याची पाठ धरली तर तुमी बाम लावणार का?"

सरांची मुलगी ईश्वरी तेव्हा नऊ वर्षांची. सरांनी तिचा वाढदिवस तिथंच, तट्टांसोबत करायचा बेत केला. उस्ताद नाल आणायला पाटोद्याच्या बाजाराला गेलेले. जाताना त्यांनी बजावलं होतं, माझ्यामागं तट्टांना काही चारू नका. पण फोटोग्राफर आलेला होता. चिंगी नावाच्या घोडीला केक भरवतानाचा फोटो चांगला आला. मग दुसरा काढला. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचा फोटो हवा होता. केक संपल्यावर गुलाबजाम निघाले, आणि शेवटी पुऱ्या.

दुपारी चारच्या सुमाराला चिंगी पुढच्या पायानं जमीन उकरायला लागली. "शेकहँड करतेय," कुणीतरी म्हणालं. ती वळून वळून स्वतःच्या कुशीकडं बघत होती, त्याचाही फोटो निघाला. मग ती आडवी पडून लोळायला लागली तेव्हा टाळ्या पडल्या.

उस्ताद पोचले ते ह्या टाळ्यांत. हातातली पिशवी टाकून ते धावले. ब्याण्णव किलोचा माणूस इतका पळू शकतो हे मला त्यांच्या फोनवरच्या धापेवरूनच कळलं. मी पोचलो तेव्हा चिंगी घामानं निथळत होती. पोटशूळ. आमचे डॉक्टर मुंबईच्या मीटिंगमध्ये. त्यांना फोन लावून त्यांनी सांगितलेलं इंजेक्शन मी दिलं.  उस्तादांनी चिंगीचं डोकं छातीशी धरून ठेवलं होतं आणि तिच्याशी काहीबाही बोलत होते.

पालकांनी सामान आवरायला घेतलं. उस्ताद म्हणाले, "पोरं थांबतील. मोठ्यांनी जायचं तर जा."

त्यांनी पोरांना एकेक करून चिंगीच्या कुशीला कान लावायला लावला. "काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही," ईश्वरी म्हणाली.

"तेच वाईट. पोटात गुडगुड पायजे. गप पोट म्हंजे आजारी पोट." मग चिंगीचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबून दाखवलं. दाबलेली जागा पांढरी झाली आणि हळूहळू गुलाबी. "अजून रंग येतोय. तवर आपन हाय."

ईश्वरीनं विचारलं, "माझ्या केकमुळं झालं?"

तिथं खोटं बोलायला पुष्कळ माणसं तयार होती. उस्तादांनी तिच्याकडं बघितलं. "हां. केकमुळं. आता दोरी धर आन् हिला हळू चालव. पुन्हा लोळू द्यायचं न्हाई."

ती चालवत राहिली. नवीन फ्रॉकला घाम, माती, चिंगीची लाळ. सर घड्याळ दाखवत होते. सहाची गणिताची बॅच होती, त्यांचीच. तिनं वडलांकडं पाहिलंसुद्धा नाही. दर दहा मिनिटांनी थांबून कुशीला कान लावायची आणि नकारार्थी मान हलवायची. एकदा मात्र तिनं मान हलवली नाही. "उस्ताद, वाजतंय!"

दिवेलागणीला चिंगीनं शेपटी उचलली आणि लीद टाकली. आणि काय सांगू, बीडमधली ती सगळी शिकलीसवरली मंडळी त्या लिदीला उभं राहून टाळ्या वाजवत होती. उस्ताद तिथंच मातीत बसले आणि मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसत म्हणाले, "मुबारक."

दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज पडला. मुलांकडून लीद काढून घेतात. वाढदिवसाला मुलीला राबवलं. तिच्या मनावर आघात झाला आहे. रविवारी प्लॉटवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा झाली आणि उस्तादांकडून लेखी माफीनामा मागितला गेला.

"देतो की," ते म्हणाले. "लिहिता मला कमी येतंय, डॉक्टरसाब लिहितील. केक कुनी चारला, तेबी लिहायचं का?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. चिंगीच्या पोटात काय होतं हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माझा मुलगा सरांच्याच क्लासला होता, पुढच्या वर्षी त्याची परीक्षा होती. मी चष्मा पुसत बसलो. इतरांची टिंगल करायला मला ह्या लेखात इतकी जागा पुरली. स्वतःबद्दल एवढंच सांगतो की तो चष्मा आधीच स्वच्छ होता.

प्लॉटचा मालक सरांच्या ओळखीचा. महिन्याच्या आत जागा खाली झाली. ईश्वरी तीन दिवस गणिताच्या बॅचला बसली नाही, एवढीच काय ती त्या गावात झालेली निषेधसभा.

त्यानंतर उस्ताद मला एकदाच दिसले, बीडच्या एसटी स्टँडवर. नगरच्या पुढं कुणाच्यातरी फार्मवर त्यांना काम मिळालं होतं. तट्टं आदल्या दिवशी टेम्पोतून पुढं गेली होती. त्यांच्या काखेत लहान मुलांचं खोगीर होतं, गोधडीत गुंडाळलेलं. टेम्पोवाल्याचा भरवसा नव्हता म्हणे. मी नजर चुकवून जाणार होतो, तेवढ्यात हाक आली, "डॉक्टरसाब, जरा धरा हे, तिकीट काढतो."

मी खोगीर धरून उभा राहिलो. चांगलंच जड होतं. सभेचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.

बस भरत आली होती. माझ्याकडून खोगीर घेऊन ते चढले आणि कंडक्टरशी त्यांचा वाद जुंपला.

"सीट माणसाला असते, मामा. ते खाली ठेवा."

"खाली ठिवलं तर त्याचा सांगाडा मोडतो. तिकीट काढलंय ना मी? एक सीट माजी हाय ना? मग तिथं कोन बसंल ते मी ठरवनार."

कंडक्टरनं हात जोडले आणि घंटी मारली. बस माझ्यासमोरून वळून बाहेर पडली. मधल्या गर्दीत उस्ताद वरच्या दांड्याला धरून उभे होते. आणि खिडकीपाशी, ऐसपैस, त्यांच्या सीटवर ते खोगीर बसलं होतं.