भोकं पाडायचा पगार

मी काय काम करते हे सासूबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न मी एकदाच केला आणि तो माझ्याच अंगावर उलटला. कारखान्यातून एक वडी घरी आणली होती. तळहाताएवढी, करड्या रंगाची, सिरॅमिकची, आणि आरपार जाळी. त्यांनी ती उजेडासमोर धरली, एक डोळा मिटून पाहिलं आणि विचारलं, “भोकां पाडूक पगार दितत तुका?”

सासूबाई मूळच्या पेडण्याच्या. लग्न होऊन कारापूरला आल्या त्याला जमाना लोटला, पण जीभ माहेरचीच राहिली. मी म्हटलं, आई, पाडत नाही, ठरवतो. भोक केवढं हवं, एका इंचात किती हवीत, एकातून दुसऱ्यात वाट हवी की नको. त्यावर त्यांचं म्हणणं, म्हणजे मापून पाडतत. झालं. त्या दिवसापासून अख्ख्या वाड्यावर माझी तीच ओळख. देवळात कोणी बाई भेटली की हसून विचारायची, काय गं, आज किती पाडलीस? नवरा मधे पडला नाही. बँकेतला माणूस, जोखीम बरोबर ओळखतो.

तुम्हाला मात्र नीट सांगते, कारण तुम्ही माझ्या सासूबाई नाही. बिडाचं ओतकाम करताना वितळलेल्या लोखंडात मळी असते. ती साच्यात उतरली की वस्तूच्या पोटात पोकळी राहते आणि उद्या त्या बिडाचा पंप कुठेतरी फुटतो. म्हणून साच्याच्या घशात जाळी बसवतात. लोखंड खाली जातं, मळी वर अडकते. लोखंडात भोक नको असेल तर जाळीत भोकं नेमकी हवीत, एवढंच आमचं शास्त्र. करायची रीतही ऐकायला सोपी. फोमची वडी घ्यायची, गादीत असतो तसला, पण सगळी छिद्रं मोकळी असलेला. ती सिरॅमिकच्या भुकटीच्या घोळात बुडवायची, रुळांमधून पिळायची, वाळवायची आणि भट्टीत घालायची. फोम जळून जातो, त्याच्या आकाराचा सिरॅमिकचा सांगाडा मागे उरतो. या सोप्या कामाने माझं दीड वर्ष खाल्लं.

आमचा कारखाना डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत. रासायनिक कारखान्यांच्या टाक्यांत भरायच्या सिरॅमिकच्या गोळ्या, हा आमचा जुना माल. गोळ्या खपतात, कोणाची तक्रार नसते. जाळी हा माझा हट्ट. मालक साखळी गावचे, भला माणूस. त्यांनी मागची एक शेड दिली, घोळात वड्या बुडवायला चार बायका दिल्या आणि खानापूरकडचा आमचा भट्टीवाला दिला. हा माणूस दिवसाला दहा वाक्यं बोलतो आणि त्यातली आठ भट्टीशी.

पहिली चाचणी चोर्ला घाट चढून बेळगावच्या एका फाउंड्रीत घेतली. लोखंड ओतलं आणि आमची जाळी काडकन मोडली. तुकडे सरळ साच्यात. घोळाचा थर पातळ पडला होता, सांगाड्याला जोरच नव्हता. परत आलो, थर जाड केला आणि पुन्हा गेलो. या वेळी जाळी मोडली नाही, पण जाड थराने निम्मी भोकं बुजली होती. लोखंड घशातच अडकलं आणि थिजलं. साचा अर्धा रिकामा. तिथला सुपरवायझर कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, “मॅडम, त्यापेक्षा कुंड्या करा की. खाली एक भोक पाडलं की झालं.”

म्हणजे इथेही भोक! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अख्खा घाट उतरेपर्यंत मी त्या माणसाला मनातल्या मनात सोलून काढत होते. भट्टीवाला शेजारी बसून बिस्किटं खात होता. साखळी आल्यावर त्याने एक बिस्किट माझ्यापुढे धरलं, आणि मी ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी बोलावलं. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले की आणखी एक चाचणी करा, नाही जमलं तर ती शेड गोळ्यांच्या पॅकिंगला घेऊ. मी तिथल्या तिथे बोलून बसले की शेड गेली तर मीही नाही. बोलले ते बोलले, आता मागे घेणं माझ्या स्वभावात नाही. पण जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला तेव्हा हिशेब मांडला. माझं वय सेहेचाळीस. इथून पणजीपर्यंत दुसरं कोणी मला या कामाचा पगार देणार नव्हतं. फार तर घरी बसून बारावीच्या शिकवण्या घेतल्या असत्या. मला नुसती नोकरी नको होती. मला हेच काम हवं होतं, आणि ते हातातून जायला एक चाचणी पुरेशी होती.

मधला उपाय मला सुचला नव्हता असं नाही. एक पातळ थर द्यायचा, त्यावर दुसरा. करून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा घोळात घातलं की पहिला थर विरघळायचा आणि दोन्ही मिळून खाली ओघळायचे. वडीच्या तळाशी चिखल, वर उघडा फोम. ती वाट बंद असं मी धरून चालले होते.

मे महिना होता. आमच्याकडे त्या दिवसांत अंगणात भिरंडांचं राज्य. भिरंडं म्हणजे कोकमाची फळं. ती फोडायची, गर नि बिया मिठात घालून आगळ, म्हणजे खारट रस, काढायचं आणि साली उन्हात घालायच्या. वाळल्या की आगळात बुडवून पुन्हा उन्हात, पुन्हा बुडवून पुन्हा उन्हात. अशी पुटं देत देत त्यांची सोलं, म्हणजे आमसुलं, होतात. माझं माहेर नार्व्याचं, हे काम मी परकर नेसत होते तेव्हापासून करत आलेय. त्या रविवारी अंगणात बसून मी तेच करत होते आणि डोक्यात जाळी, जाळी, जाळी.

पुटं पूर्ण झालेलं एक सोल हातात आलं. चांगलं जाड झालेलं, मीठ धरलेलं, पण त्याची वाटी उघडीच्या उघडी. कुठे काही साचलेलं नाही, बुजलेलं नाही. मी ते फिरवून फिरवून पाहत राहिले. आगळ पाण्यासारखं पातळ असतं. आणि साल खडखडीत वाळल्याशिवाय पुढचं पुट कोणी देत नाही, आभाळ आलं तर काम तसंच ठेवतात. आम्ही काय करत होतो? वरून कोरडी दिसली की वडी पुन्हा घोळात. घोळही तोच, पहिल्याइतकाच दाट. आतून ती ओलीच असायची! मी ताडकन उठले. सासूबाईंनी विचारलं, खंय चललंस? मी म्हटलं, भोकं पाडायला.

कारखाना बंद होता. वॉचमनने माझे लालभडक हात पाहिले आणि काही न विचारता दार उघडलं. दिवसभर मी एकटीने घोळ पातळ करून पाहिला, आणखी पातळ करून पाहिला. सोमवारी बायकांना सांगायला लागले, पहिलं पुट नेहमीचं, मग वड्या पूर्ण वाळू द्यायच्या, मग दुसरं पुट पातळ, तिसरं त्याहून पातळ. त्यांना ते पटवावं लागलंच नाही, त्यांच्याही अंगणात तेच चाललं होतं. वड्या पत्र्यावर उन्हात घातल्या, सोलं परततात तशा बायका त्या परतत राहिल्या, म्हणजे घोळ एका अंगाला बसायला नको. घाई करायची नाही, हे मी सगळ्यांना बजावलं आणि सगळ्यात जास्त घाई मलाच होती.

भट्टी उघडली. पहिली जाळी मी तोंडाशी धरली आणि फुंकर मारली. पलीकडे धरलेल्या तळहाताला ती सगळीकडून लागली. एकही भोक बुजलं नव्हतं. भट्टीवाल्याने दुसरी जाळी जमिनीवर ठेवली, चपला काढल्या आणि तिच्यावर उभा राहिला. चांगला ऐंशी किलोचा गडी. जाळी हूं की चूं करेना. तो खाली उतरला, पुन्हा चढला आणि म्हणाला, “मॅडम, चला बेळगावला.”

फाउंड्रीतल्या त्या सुपरवायझरने आमच्याकडे पाहून हसू दाबलं, ते मी पाहिलं. साच्यात जाळी बसवली. पळीतून लोखंड उतरायला लागलं, पिवळं, डोळ्यांना न झेपणारं. माझी पाचावर धारण बसली होती. जाळी लाल झाली, मग पांढरी झाली, आणि लोखंड तिच्यातून जातच राहिलं. थांबलं नाही, अडलं नाही. साच्याच्या दुसऱ्या तोंडाने ते वर आलेलं दिसलं, साचा काठोकाठ भरला, तेव्हा मी श्वास सोडला. पण अजून खरं कळायचं होतं. निवायला वेळ लागतो. आम्ही बाहेर चहा प्यायलो, कसा होता ते आठवत नाही.

वाळू झाडली. सुपरवायझरने हातोड्याने घशाचा भाग तोडला आणि कापून आणला. जाळी अख्खी, तिच्या प्रत्येक भोकात लोखंड भरलेलं, आणि वरच्या अंगाला मळीचा काळा थर, अगदी चहाच्या गाळणीवर चोथा बसावा तसा. मग साच्यातून निघालेलं पंपाचं अंग मशीनवर घासून पाहिलं. आरशासारखं निघालं. त्याने त्यावर बोट फिरवलं, नख फिरवलं, बॅटरी मारून पाहिली. एकही टोचा नाही. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, “महिन्याला किती देऊ शकता?”

“काय देऊ?” मी म्हटलं. “कुंड्या की जाळ्या?”

तो खो खो हसला आणि त्याने चक्क हात जोडले. खोटं कशाला बोलू, मला आकाश ठेंगणं झालं. भट्टीवाल्याने घाटात स्वतःहून गाणं म्हटलं, आणि बेसूर म्हटलं. मालकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, त्या शेडला नवीन पत्रे घालून घेऊया.

ती तोडलेली जाळी, लोखंड भरलेली, मी घरी घेऊन आले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. चौदाशे डिग्रीचं लोखंड, त्यातली मळी, साच्याचा घसा. आणि पुटं. सोलांची गोष्ट आली तेव्हा त्यांनी जाळी हातात घेतली. बरीच जड लागली असावी. एक डोळा मिटून उजेडासमोर धरली, पण आता आरपार काही दिसत नव्हतं. ती हातात घेऊनच त्या ओसरीवर जाऊन बसल्या. मी मग स्वयंपाकाला लागले.

सकाळी पोदेर, आमचा पाववाला, भोंगा वाजवत आला. सासूबाई उंडे घ्यायला फाटकावर गेल्या आणि मी खिडकीतून पाहिलं तर जाळी त्यांच्या हातात. पोदेराने विचारलं असेल हे काय म्हणून. त्यांनी ती त्याच्या टोपलीवर ठेवली. “आमची सून लोखंड गाळता,” त्या म्हणाल्या. “च्या गाळतत तसां.” पोदेराने पाव द्यायचे थांबवून ती उचलून पाहिली. मला हुंदका आला, सरळ सांगते. चुलीवरचा चहा उतू गेला तरी मी तिथून हलले नाही.

कामाला निघताना मी म्हटलं, आई, ती जाळी द्या, मालकांना दाखवायची आहे. त्यांनी ती पदराखाली घेतली.

“ही मी ठेवतंय,” त्या म्हणाल्या. “तू दुसरी पाड. पगार दितत मां तुका?”