द्रोणागिरीच्या कारखान्यातलं 'हाय'

परदेशातल्या कामगारांची काळजी कशी वाहतात हे बघायचं असेल, तर लांब जायला नको. परदेश म्हणजे आपला उरण रस्ता. एका विलायती ब्रँडच्या 'जबाबदारी विभागा'तल्या हेलनबाई, त्यांचे शर्ट शिवणारी माणसं सुखात आहेत ना, ते पाहायला आल्या आणि दुभाषी म्हणून मी निघाले.

करंजाडेहून सकाळी साडेसातच्या आत निघा. कंटेनरच्या रांगेत अडकलात तर द्रोणागिरी गाठेस्तोवर दुपार होते. गाडी दिवसाला अडीच हजार, वाटेत मिसळ साठ रुपये. हेलनबाईंनी नुसतं केळं खाल्लं. स्वतःच्या पोटाची जबाबदारी त्या फार काटेकोरपणे घेतात.

तपासणीची 'अचानक' भेट आठवडाभर आधी कळवलेली, त्यामुळे भिंतींचा रंग अजून हाताला लागत होता. मॅनेजरांनी नारळपाणी आणि काजूकतली पुढे केली. मग कामगारांशी मोकळ्या गप्पा झाल्या, अर्थात मॅनेजरांच्या समोर.

शिलाईवरच्या कुंदाताईंना मी बाईंचा प्रश्न मराठीत विचारला: आग लागली तर बाहेर पडायचं जे मागचं दार, त्याला टाळं आहे का?

"हाय," कुंदाताई म्हणाल्या.

"हाय!" हेलनबाईंनी हसून हात हलवला आणि वहीत लिहिलं, कामगार मनमिळाऊ आहेत.

मी तोंड उघडणार, तोच मॅनेजर म्हणाले, "पुढचं विचारा, मॅडम." हे काम मला त्यांच्याच ओळखीतून मिळालं होतं. मला लाज वाटली, आणि मी पुढचं विचारलं.

निघताना कुंदाताईंनी मला गेटपाशी गाठलं.

"तुमी सांगितलं ना तिला, टाळ्याचं?"

"सांगितलं," मी चक्क खोटं बोलले.

"मंग बरं झालं. माजी पोरगी उद्यापासून हितंच कामाला लागते."

घरी आल्यावर हेलनबाईंना मेल लिहिला: कुंदाताई नमस्कार करत नव्हत्या, दाराला खरंच टाळं आहे. उत्तर क्षणात आलं, आपोआप जाणारं. बाई दोन आठवडे सुट्टीवर आहेत. काही तातडीचं असल्यास संबंधित कारखान्याच्या मॅनेजरांशी बोलावं.

मॅनेजरांचा नंबर माझ्याकडे आहे. कुंदाताईंची मुलगी आज सकाळी आठला कामावर गेली, आणि मी अजून फोन केलेला नाही.