जमुनाबाईचा आंतरपाट

आमच्या घरी सोमवारी, गुरुवारी आणि एकादशीला मासा चालत नाही, हे माझ्यापेक्षा जमुनाबाईंना जास्त पाठ. त्यांचे मालक यादोराव डोंगा घेऊन वैनगंगेत जातात, आणि जमुनाबाई टोपलं डोक्यावर घेऊन कारध्याच्या गल्ल्या फिरून मग पूल ओलांडून भंडाऱ्याच्या बाजारात. लग्न होऊन आल्यापासून त्यांचं हेच चाललंय. पण उपवासाच्या दिवशी त्या रिकाम्या टोपल्यानिशी माझ्या ओट्यावर येऊन टेकतात. "आज तुमचा देव जेवत नाही बाई, मनून नुसती बोलाले आली," असं म्हणतात, आणि माझ्या फुलवाती वळून होईपर्यंत साऱ्या गावाची खबर सांगून जातात.

अशी ही बाई माग शिकायला बसेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

दिवाळी झाली आणि आमच्या बचत गटाने समाजमंदिरात हातमागाचा वर्ग सुरू केला. शिकवायला मोहाडीकडचे बुधराम गुरुजी. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या माग, बोलणं मोजकं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आम्ही बायका काही शिकायला गेलो, काही दुपारी सासूच्या नजरेआड व्हायला. खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्ही विणलं कमी आणि हसलो जास्त. पायाखालची पावडी दाबायची एक, दाबली जायची दुसरी. उभे धागे म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा, एवढं तोंडपाठ झालं, पण बाण्याचा धागा नेणारा धोटा काही केल्या सरळ जाईना. शेजारच्या घरची सून हर्षा, तिने तर असा काही झटका दिला की धोटा मागातून निसटून थेट गुरुजींच्या चष्म्याच्या दिशेने निघाला. जमुनाबाई दाराशी टोपलं ठेवून नुसती गंमत पाहत होत्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि तो धोटा हवेतल्या हवेत धरला. टोपल्यातून उसळलेला मासा धरावा तसा, मुठीत गच्च.

गुरुजींनी चष्मा वर केला, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही बसा."

त्या बसल्या. हात धुऊन या म्हणायचीही कोणाला आठवण राहिली नाही, त्या स्वतःच उठून दोनदा साबण लावून आल्या.

पहिलं कापड म्हणून सगळ्यांनी दुपट्टा विणायचा, असं गुरुजींनी ठरवून दिलं होतं. जमुनाबाई म्हणाल्या, मी आंतरपाट विणीन. नात रंजूचं लग्न माघात ठरलेलं. नवरा लिलाधर, एकोडीकडचा, तिकडे तलावावर मासेमारी करणारं घर. जमुनाबाईंच्या स्वतःच्या लग्नात ऐनवेळी आंतरपाट सापडला नव्हता, म्हणून कोणा पाहुण्याच्या खांद्यावरचा दुपट्टा मधे धरला होता, आणि त्याला सुकटाचा असा वास होता म्हणे की मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरी-नवरदेव दोघंही शिंकत होते. हे सांगताना त्या स्वतःच एवढ्या हसल्या की मागाचा ताणा हलायला लागला. पण हसणं थांबल्यावर म्हणाल्या, नातीच्या लग्नात मात्र मधे धरायचं कापड माझ्या हातचं असेल.

अडचण एकच होती. रंजूने भंडाऱ्याहून तयार आंतरपाट आधीच आणून ठेवला होता. लाल मखमल, सोनेरी झालर, मधोमध दोघांची नावं भरतकामात. आजकाल सगळ्या पोरी तसाच घेतात. ती काही वाईट पोर नाही, आजीवर जीव आहे तिचा, पण मैत्रिणींना फोटो पाठवून झाला होता. शेवटी तिने आजीला अट घातली. सगळ्यांसमोर, समाजमंदिराच्या दारात उभी राहून.

"तुया कपड्यातून मले नवरदेवाचं तोंड दिसलं नाही पाहिजे, आजी. नाही दिसलं त तुयाच धरू. दिसलं त मखमलीचा."

"नाही दिसनार," जमुनाबाई म्हणाल्या. "लग्न लागल्यावर जलमभर पाहाचंच आहे."

आता इथे खरी गंमत आहे. या बाईच्या हाताला लहानपणापासून जाळं विणायची सवय. आणि जाळं विणायचं म्हणजे भोकं सोडायची. जाळ्यातून पाणी गेलं नाही तर नदी जाळ्यासकट माणसाला ओढून नेते, हे त्यांना आईने शिकवलेलं. ते बोटांत इतकं मुरलेलं की बाणा टाकून झाला की तो घट्ट बसवणारा फणीचा ठोका द्यायला त्यांचा हात धजेचना. आम्ही ठणठण ठोकायचो. त्या फणी अशी पुढे आणायच्या जशी तान्ह्या लेकराच्या अंगावर गोधडी सारावी. धागा झपाट्याने पुढे सरकायचा, कापड भराभर वाढायचं, आणि जमुनाबाई आमच्याकडे पाहून म्हणायच्या, तुम्ही काय अजून वीतभरच?

गुरुजी सांगून थकले. "जमुनाबाई, पानी जाऊ द्याचं नाही आहे. कपडा आहे."

"ठोकतो ना जी," त्या म्हणायच्या, आणि फणीला बोट लावायच्या.

एक दिवस यादोराव त्यांना बोलवायला आले. मागावरचं ते लांबच लांब पांढरं कापड त्यांनी कौतुकाने पाहिलं, हात फिरवला, आणि त्यांचं बोट आरपार गेलं. मग दुसरं बोट घातलं. तेही गेलं. दोन्ही बोटं पलीकडून हलवून पाहिली. मग शांतपणे विचारलं, यात एवढासा चिंगूर मासा अडकेल का सुटून जाईल?

आम्ही तोंडाला पदर लावले. हर्षा तर मागाखाली वाकली, काही पडलं असं सोंग करून. जमुनाबाई आधी हसल्या. मग त्यांनी कापडाच्या पलीकडे पाहिलं, तिथे दारात रंजू उभी होती, आणि रंजूच्या नाकातली चमकीसुद्धा या बाजूने स्पष्ट दिसत होती. रंजू मान फिरवून घराकडे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी एकादशी. जमुनाबाई ओट्यावर येऊन टेकल्या. गावाची एक खबर नाही. मी तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, त्यांच्या हातावर साबुदाण्याची खिचडी ठेवली. मग म्हणाल्या की या हातांनी आजवर जे केलं ते पाण्यासाठी केलं, यांना कपड्याचं काय कळणार, मखमलीचाच धरू दे पोट्टीला. मी म्हटलं, देवाने हात दिले तेव्हा हे जाळ्याचे आणि हे कपड्याचे असं वेगळं करून नाही दिले. ते ऐकून त्या म्हणाल्या, "तुमचं बरं आहे बाई, तुमचा देव बोलत नाही. मले त गुरुजी रोज बोलते."

पण खिचडी संपवून त्या उठल्या त्या थेट समाजमंदिरात.

विणलेलं सगळं उसवून पुन्हा सुरू करू का, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजींनी नको म्हणून मान हलवली. सूत उसवून उसवून पिंजून जाईल, आणि लग्नही दाराशी आलेलं. ताणा अजून अर्धा उरलाय, तर इथून पुढे नीट ठोका, एवढंच त्यांचं म्हणणं. जमुनाबाई फणी धरून बसल्या. हात पुन्हा तसाच हळू. तेव्हा गुरुजींनी चष्मा काढला आणि म्हणाले, "जाळं नाही जमुनाबाई. धरन बांधा. थेंबभर पानी पलीकडे गेलं नाही पाहिजे."

हे मात्र त्यांना कळलं. गोसीखुर्दच्या धरणाने पाणी अडल्यावर नदीचं काय झालं हे मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाईला कोणी सांगायला नको. त्यांनी पदर खोचला आणि असा ठोका दिला की भिंतीवरच्या तसबिरी हलल्या. पुढचे दिवस समाजमंदिरात दुसरं काही ऐकू यायचं नाही. पलीकडच्या घरात झोपवलेली लेकरं उठायची आणि त्यांच्या आया येऊन भांडायच्या, मग भांडण विसरून पाहत बसायच्या. जमुनाबाई प्रत्येक ठोक्यासरशी कोणाचं तरी नाव घ्यायच्या. हा बाजारातल्या त्या गिऱ्हाइकाले जो माशाचे डोळे दाबून दाबून पाहते. हा मले एकदा पुलावर धक्का देऊन गेलेल्या मोटरसायकलीले. यादोरावांच्या नावाचे ठोके तर सगळ्यात घट्ट बसायचे.

कापड मागावरून उतरलं तेव्हा आम्ही सगळ्या बघतच राहिलो. अर्धं कापड माशाचं जाळं आणि अर्धं कापड सतरंजी. मधे कुठे बदललं ते आंधळ्यालाही हात लावून सांगता आलं असतं. जमुनाबाईंनी कपाळाला हात लावला. आडवं धरलं तर नवरदेवाचं अर्धं तोंड लपेल आणि अर्धं दिसेल, असं हर्षा म्हणाली. पण गुरुजींनी ते उभं धरून दाखवलं, जाड टोक वर आणि विरळ टोक खाली, पडद्यासारखं.

रंजूला बोलावून आणलं. एका बाजूला तिला उभी केली, दुसऱ्या बाजूला मी, हर्षा आणि यादोराव आळीपाळीने. कोण उभं आहे ते तोंडावरून तिला एकदाही ओळखता आलं नाही. पायांवरून मात्र तिन्ही वेळा ओळखलं, खालच्या जाळीतून ते लख्ख दिसत होते. ती खुदकन हसली.

"पाय दिसले त दिसू दे," म्हणाली. "अट तोंडाची होती."

जमुनाबाईंनी तिला जवळ घेतलं नाही की काही नाही. नुसतं म्हणाल्या, "जा, हळद वाळवाची आहे." पण त्या दिवशी भंडाऱ्याच्या बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी वजनापेक्षा एक मासा जास्त टाकला, असं यादोराव कुरकुरत सांगत होते.

कापडावर मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढायचं काम हर्षाने घेतलं, तिचा हात रांगोळीचा. सुरेख काढलं, चार टिंबांसकट.

लग्नाच्या दिवशी एकोडीची वरात डीजे वाजवत आली. लिलाधर उंच, सावळा, मोठा लाजरा मुलगा, मुंडावळ्यांआडून खाली मान घालून उभा. लग्न लावणाऱ्या महाराजांनी आंतरपाट मागितला. मखमलीचा रंजूच्या आईने पिशवीत घालून जवळच ठेवला होता, वेळ सांगून येत नाही म्हणून. रंजूचे दोघे मामा पुढे झाले, एकाने एक कोपरा धरला, दुसऱ्याने दुसरा, आणि कापड मधे सोडलं. महाराजांनी पहिली ओळ उचलली. आम्ही अक्षता घेऊन सज्ज.

आणि मला दिसलं की लिलाधर हसतोय. कापडाच्या पलीकडून. दात दिसत होते त्याचे.

मामांनी उलटा धरला होता. जाळं वर, सतरंजी खाली. त्यांचा तरी काय दोष, स्वस्तिक वरून पाहा की खालून, सारखंच दिसतं. हर्षाने हातातल्या अक्षता खाली टाकल्या आणि माझा दंड धरला. वऱ्हाडात खसखस पिकली. एकोडीच्या कोणी म्हातारीने मोठ्याने विचारलं की हा आंतरपाट आहे का मच्छरदानी.

जमुनाबाई मंडपाच्या टोकाला, बायकांच्या मागे होत्या. त्या कशा आल्या ते कळलं नाही, वाटेतल्या पोरांना बाजूला सारत, नऊवारीचा काष्टा सावरत, "उलटा धरला, बाप्पा, उलटा!" महाराज ओळ मधेच गिळून थांबले. जमुनाबाईंनी थोरल्या मामाच्या हातातून कोपरा ओढून घेतला. धाकटा मामा गोंधळून तिसरीकडेच वळला, आणि क्षणभर आंतरपाट नवरदेवाच्या डोक्यावरून पांघरल्यासारखा झाला. मुंडावळ्या अडकल्या त्या भोकांमध्ये. सोडवताना लिलाधर इतका हसत होता की त्याचे खांदे हलत होते. शेवटी जाड टोक वर आलं, चेहरे झाकले, आणि कोपरा जमुनाबाईंच्याच हातात राहिला. तो त्यांनी मामाला परत दिला नाही.

पण अट तर मोडली होती. सगळ्यांच्या देखत. रंजूची आई पिशवी उघडायला लागली. जमुनाबाईंनी ते पाहिलं, आणि त्यांचा हात जरा खाली आला.

"रंजू," त्यांनी विचारलं, "दिसला का तुले?"

सगळ्या मंडपाने माना उंचावल्या. डीजेवालाही पाहत होता.

"मी त डोळे मिटून होती, आजी," रंजू म्हणाली. खाली मान, चेहरा गंभीर. पण कापडाखालून तिचे पाय सगळ्यांना दिसत होते, आणि मेंदी लावलेली बोटं हसू आवरत एकमेकांवर चढत होती.

पलीकडून लिलाधरचा आवाज आला, लग्नात नवरदेवाने बोलू नये तरीही.

"मले दिसली ना पन."

"तुयी अट नव्हती," जमुनाबाईंनी त्याला सुनावलं. "तू चूप राय."

हसण्याच्या त्या लाटेत महाराजांनी सुटलेली ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली, पिशवीची चेन बंद झाली, आणि जमुनाबाईंनी दोन्ही हातांनी कोपरा कपाळाच्या वर उचलला. शेवटच्या "सावधान"पर्यंत त्यांचे हात जरासुद्धा खाली आले नाहीत. आम्ही मात्र अक्षता टाकायचं सोडून खाली त्या दोघांच्या पायांकडेच पाहत होतो.