पोत्यावरच्या काचा

काचवाल्याची एक जुनी सवय होती. तडकलेली काच तो खिडकीतून बाहेरच पाडायचा, खाली पसरलेल्या पोत्यावर. नव्या काचा बसवून झाल्या की जाताना पोतं गुंडाळायचं. बायको म्हणायची, "आधी आवरावं माणसानं." तो म्हणायचा, "काचा काय पळून जातायत?"

त्या सकाळी त्यानं इस्पितळाच्या कचेरीच्या तीन काचा अशाच पाडल्या, मापं घेतली आणि नव्या कापायला दुकानात गेला. दुपारी परिचारिका कचेरीसमोर येऊन बसल्या. मुलांचा विभाग बंद करू नका, एवढंच मागणं. त्यांत त्याची सख्खी भाचीही होती. घोषणा झाल्या, डबे वाटून खाल्ले. दगड कुणाच्या हातात नव्हता. चारला पोलिसांनी उठायला सांगितलं. त्या उठल्या नाहीत, तशा काठ्या चालल्या. भाचीनं डोक्यावर हात धरला. डोकं वाचलं, मनगट मोडलं.

काचवाला पोचला तेव्हा आवारात नुसत्या चपला पडल्या होत्या. फौजदार जबाब लिहून घेत होता.

"या काचा याच खिडक्यांच्या?"

"हो साहेब."

"किती?"

"तीन."

"सही कर."

फुटल्या कशा, हे साहेबानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. नसती ब्याद कशाला अंगावर घ्या? कागदावर मात्र बसलेल्या बायकांचा दंगलखोर जमाव झाला, आणि काठ्यांना कारण मिळालं. सतरा जणींवर खटला भरला.

बहिणीनं विचारलं, "दादा, त्या दिवशी तू तिथंच कामाला होतास ना? काचा कुणी फोडल्या रे?"

"मी गेलो तेव्हा सगळं संपलं होतं," तो म्हणाला. खोटं नव्हतं ते. त्यामुळेच आठ महिने पुरलं.

शेवटी कोर्टात साक्षीला उभं केल्यावर वकिलानं विचारलं, "दगड कुठे पडले होते?" समोर भाची बसली होती. तिनं उजवा हात मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

"दगड नव्हतेच. काचा सकाळी मीच पाडल्या."

"मग इतके दिवस गप्प का?"

"कुणी विचारलं नाही."

मागं कुणीतरी हसलं.

सगळ्या सुटल्या. मुलांचा विभाग तोवर बंद झाला होता. भाचीच्या हातात सुई थरथरते, म्हणून तिला केसपेपर लिहायला बसवलं. तेही ती डाव्या हातानं शिकली.

परवा तिच्या स्वयंपाकघरातली काच तडकली. हा न बोलावता गेला. जुनी काच उतरवली आणि नवीला हात लावण्याआधी खाली बसून चुरा वेचू लागला, कणन् कण.

ती दारात उभी राहून बघत होती.

"राहू दे की, मामा," ती म्हणाली. "काचा काय पळून जातायत?"

त्यानं मान वर केली नाही. चहा ठेवते, असं ती म्हणेल म्हणून तो जरा थांबला. मग पोत्याचं तोंड बांधलं.