चारशे अंशांचा तग

१८ फेब्रुवारी २०२५ रोजी वालीवच्या कारखान्याने बाहेरच्या प्रयोगशाळेला दोन हजार नऊशे पन्नास रुपये भरले. त्यात एका नमुन्याची एक तपासणी झाली. कारखान्याची रसायनतज्ज्ञ हेमांगी राऊतने त्यावरून अहवालात लिहिले, 'द्रव चारशे अंशांपर्यंत तग धरतो.' वाक्य खोटे नव्हते, तरी लिहिल्यापासून ते तिला सलत होते.

हेमांगी मुळातच अस्वस्थ बाई. निर्मळच्या घरून स्कूटरवर निघाली की गॅस बंद केला का ते पाहायला अर्ध्या वाटेवरून परत यायची. सासू, शकूबाई, म्हणायची, "गॅसला पाय नाहीत गो, तुलाच भिंगरी लागलीय."

कारखान्यात बनणारा हा द्रव म्हणजे एक प्रकारचे मीठच, पण साध्या हवेतही पातळ राहणारे. तापवले तर तेलासारखा धूर नाही, वास नाही. म्हणून नायगावच्या फ्रेडरिक लोपीसने एक पिंप घेतले होते. लोखंडाचे सुटे भाग बुडवून तापवायची त्याची टाकी बंद खोलीत, तीनशे अंशांवर, दिवसभर चालायची.

तपासणीत मात्र तापमान भराभर चढवतात. तीनशेचा टप्पा येतो आणि लगेच मागे पडतो. तिथेच दिवसभर मुक्काम केला तर काय होईल, हे कोणी तपासलेच नव्हते, तिनेही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी तिने द्रवाची वजन केलेली वाटी भट्टीत तीनशेवर ठेवली. शनिवारी सकाळी झाकण काढले तर मधासारखा द्रव काकवीसारखा काळा झालेला. आठवा हिस्सा उडून गेला होता आणि उरलेल्याचा तिखट वास नाकाला झोंबत होता.

तिने वाटी तशीच मालकांच्या, अल्पेशभाईंच्या, टेबलावर नेऊन ठेवली.

"हेमांगीबेन, चारशे तुम्हीच लिहिलं ना?"

"लिहिलं. किती वेळ ते लिहिलं नाही."

"मग सोमवारी सांगू. शनिवारी कोण टाकी पेटवतो?"

फ्रेडरिक फोन उचलत नव्हता. चौथ्यांदा लावल्यावर ती उठली. स्कूटर गॅरेजमध्ये होती, म्हणून रिक्षा केली. वाटभर ती पर्स उघडत होती, मिटत होती. बंद खोली, तो वास आणि आत काम करणारी माणसे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

टाकी पेटलेली होती. काटा दोनशे चाळीसवर.

"ये बाय, बघ, अजिबात धूर नाही," फ्रेडरिक खुशीत म्हणाला.

"आधी बंद करा. मग बोलू."

त्याने बटण दाबले, पण तोंड वाकडे केले. "चारशेचा कागद तुमचाच ना? मी फक्त तीनशे मागतोय."

हेमांगीला वाटले, अणुरेणू सांगून काय उपयोग? ती म्हणाली, "फ्रेडरिकभाऊ, सुकेळी कशी करतात?"

"आता हे काय मध्येच? केळी सोलायची, आठवडाभर उन्हात ठेवायची."

"आणि तेच केळं जाळावरून झर्रकन फिरवलं तर?"

"काय होणार? केळं ते केळंच."

"मी ते जाळावरून फिरवून बघितलं आणि कागद लिहिला. तुम्ही ते उन्हात ठेवताय. जाळापेक्षा ऊन सौम्य, पण सुकवतं तेच. ह्याचं तर सुकताना विष निघतं."

 फ्रेडरिकने खोलीतल्या दोघांना बाहेर बोलावले आणि दार सताड उघडे ठेवले.

"म्हणजे तुझं चुकलं."

"हो."

"आणि अल्पेशभाई?"

"त्यांना मी सांगते. नवा कागद मिळेल, त्यावर तास लिहिलेले असतील. तोवर तुमचं तेलच बरं."

"माझ्या बायकोला तेलाचा वास आवडत नाही," तो म्हणाला, पण पिंप परत न्यायला त्याने होकार दिला.

सोमवारी तिने सांगितले तेव्हा अल्पेशभाई चिडले. मंगळवारी त्यांनी लांब तपासणीचे पैसे मंजूर केले.

शनिवारी रिक्षावाल्याकडे पाचशेचे सुटे नव्हते. भाड्याचे एकशे ऐंशी रुपये फ्रेडरिकने दिले होते. हेमांगीने ते अजून परत केलेले नाहीत; नव्या कागदाबरोबरच द्यायचे तिने ठरवले आहे.