काळा धूर आणि साडूची हवा

माणसाची खरी किंमत तो मागे काय सोडून जातो यावरून ठरते, असं म्हणतात. मी उड्डाणपुलाच्या चढावर गाडीच्या ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला, की मागे काळाकुट्ट धूर सोडून जात असे. मागच्या रिक्षावाल्यांनी माझी किंमत वेळोवेळी मोठ्या आवाजात ठरवलेलीही आहे.

गाडी डिझेलची, बारा वर्षं वापरलेली. या वयात थोडा धूर व्हायचाच, असं म्हणून मी गप्प बसलो असतो. पण अगदी तशीच गाडी माझ्या साडूकडे होती. तेच मॉडेल, तोच चंदेरी रंग, एकाच महिन्यात घेतलेली. आधी कोणी बुक केली आणि कोणाचं पाहून कोणी, यावर आमच्या बायकांचं, म्हणजे सख्ख्या बहिणींचं, अजून एकमत झालेलं नाही. त्याची गाडी धूर सोडत नसे. पुलावर तो मला मागे टाकून पुढे जाई तेव्हा त्याच्या सायलेन्सरमधून काहीच बाहेर पडत नसे, आणि ते बघवत नसे.

साडू खाडीकाठच्या गावातला. घरची भातशेती, वर टाइल्सचं दुकान. मी मूळचा देशावरचा नोकरदार, वसईजवळ आचोळ्याला फ्लॅटमध्ये राहणारा. सासुरवाडी सांडोरला, केळीच्या वाडीत. तिथे तो आला की ओटीवरची माणसं सरकून त्याला जागा करतात. मी आलो की जिथे जागा असेल तिथे मला बसायला सांगतात. हल्लीच्या भाषेत सांगायचं तर सासुरवाडीत साडूची हवा होती.

अशात मेहुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं. त्या घराची रीत अशी, की नवरी मांडवातून सासरी जाते ती मोठ्या आत्याच्या नवऱ्याच्या गाडीतून. पूर्वी बैलगाडी असे, आता मोटार. मोठी आत्या म्हणजे माझी बायको. साडूकडे नसलेली आणि त्याला विकतही घेता न येणारी एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती: माझी बायको त्याच्या बायकोपेक्षा मोठी आहे.

पण मेहुणा आमच्या घरी पत्रिका द्यायला आला आणि चहा संपल्यावर खाकरला.

“भावोजी, मान तुमचाच. त्यात कोनाचं काय म्हननं नाय. पन व्हिडिओवाला गाडीच्या मागून शूटिंग घेतो.”

“मग?”

“मग काय? धुरात नवरी दिसायला हवी ना. नाय गेला धूर तर धाकट्या भावोजींची गाडी आहेच.”

‘आहेच’ हा शब्द मला त्या रात्री बराच वेळ ऐकू येत होता.

एखाद्या विषयाची भीती वाटली की मी त्यावर वाचतो. काळ्या धुराबद्दल वाचलं. सगळ्या ज्ञानाचं सार एका ओळीत होतं: इंजिनात डिझेल जास्त जातंय, किंवा हवा कमी जातेय, म्हणून डिझेल अर्धवट जळून काजळी बाहेर पडतेय. मी एअर फिल्टर उघडून पाहिला. त्यात वसई पूर्वेची बरीचशी धूळ होती. नवा फिल्टर टाकला. धूर तसाच.

मग गोखिवऱ्याच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथला मिस्त्री गॉगल काढल्याशिवाय बॉनेट उघडत नाही आणि बॉनेट लावल्याशिवाय गॉगल घालत नाही. त्याने इंजिनाकडे बराच वेळ पाहिलं.

“साहेब, नोझल,” तो म्हणाला.

“नक्की?”

“साहेब, मी चेहरा बघून सांगतो.”

कोणाचा, ते त्याने सांगितलं नाही. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारी तोंडं. ती काढून, साफ करून परत बसवली. आता माझ्या गाडीतून स्वच्छ नोझलचा काळा धूर येऊ लागला. मी फोन केला.

“मग साहेब, हवा कमी पडतेय,” मिस्त्री घाईत म्हणाला. “हवा चेक करा,” आणि फोन ठेवला.

मी आज्ञाधारकपणे पेट्रोलपंपावर गेलो आणि हवा चेक केली. चारही चाकांत कमी होती. भरून घेतली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बॉनेट उघडून मिस्त्रीने विचारलं, “केलं का चेक?” मी म्हणालो, “हो, स्टेपनीतसुद्धा भरली.” त्याने प्रथमच बॉनेट न लावता गॉगल घातला.

इतकं वाचलेल्या माणसाने टायरमध्ये हवा भरून धूर घालवायला निघावं, ही गोष्ट बाहेर पडण्याचं कारण नव्हतं. पण मी ती बायकोला सांगितली, आणि तिला बहीण आहे.

त्या रविवारी सांडोरला पाऊल ठेवलं तर सासूबाईंसकट सगळी ओटी माझ्याकडे बघत होती.

“या भावोजी,” मेहुणा म्हणाला. “सायकलीचीपन हवा गेलेय आमच्या. बघता काय?”

ओटी हसली. सगळ्यांत मोठं हसला तो साडू. मग तो उठला, अंगणात माझ्या गाडीपाशी गेला आणि बॉनेटवर थाप मारली. “खोला. बसा आत, रेस करा.”

मी बसलो. रेस केली. मागे धूर, पुढे साडू.

“शिट्टी ऐकू येते?”

“नाही.”

“एसी बंद करा, मग येल.”

आली. बारीक, दातांतून फुंकल्यासारखी. त्याने इंजिन बंद करायला लावलं, हात आत घालून एका जाड रबरी पाइपाच्या खालून फिरवला आणि तेलाने माखलेली बोटं मला दाखवली.

“टर्बोचा पाइप. टर्बो हवा कोंबतो ना इंजिनात, ती हितून जाते. खालून फाटलाय. वरून बघाल तर नवाकोरा. हवा जाते बाहेर, डिझेल जातो आत.”

“तुला कसं कळलं?”

“आमचापन फाटलेला गेल्या वर्षी. असाच काळा धूर. आठवडाभर दुकानाबाहेर काढली नाय गाडी.”

म्हणजे त्याचीही गाडी धूर सोडत होती, आणि तो धूर मला एकदाही बघायला मिळाला नाही. हे दुःख कोणाला सांगण्यासारखं नाही.

“मग बोलला का नाहीस इतके दिवस?”

“तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही वाचत होता.”

सोमवारी पाइप बदलला. पुलाच्या चढावर मी पूर्ण पाय दिला, आरशात पाहिलं. मागचा रिक्षावाला स्पष्ट दिसत होता. मला वाटलं, संपलं. पण मेहुणा अजून चाचरत होता; नवा पाइप ऐन वेळी सुटला तर, असं त्याचं म्हणणं. तेव्हा साडू हळदीच्या मांडवात, सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, “गाडी मोठ्या भावोजींचीच जानार. मान त्यांचा हाय. गॅरंटी माझी.”

लोकांना त्याचं फार कौतुक वाटलं. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या मोठ्या मनाचा जावई, असं तीन वेगवेगळ्या बायका माझ्या बायकोला येऊन सांगून गेल्या. मला माझाच मान मिळाला, तोही साडूच्या हमीवर.

लग्नाच्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा होत्या. मागच्या सीटवर नवरी, तिच्या शेजारी नवरा, स्टिअरिंगवर मी, गाडीच्या मागे व्हिडिओवाला. मागून काहीही निघत नव्हतं आणि ते कोणी पाहतही नव्हतं, कारण बघण्यासारखं सगळं पुढे होतं: पुढे बेंजोची वाजंत्री, बेंजोपुढे नाचणारे आणि नाचणाऱ्यांच्या मधोमध साडू. व्हिडिओवालासुद्धा थोड्या वेळाने मागून धावत पुढे गेला.

मुलीचं सासर सांडोरातच, तीन वाड्या पलीकडे. तिथवर जायला तासाच्या वर वेळ लागला आणि गाडी पहिल्या गिअरच्या वर गेली नाही. एवढ्या वेगाला टर्बोचं काम पडत नाही. पाइप फाटका असता तरी धूर आला नसता.